सोडलेल्याची सुटका

कैदेतून सुटण्याला इंग्रजीत किती निरनिराळे शब्द आहेत हे मी शिकलो, तेव्हा माझे वडील खालसा, म्हणजे इंग्रजी, हद्दीतल्या एका गावच्या चावडीत अडकवून ठेवलेले होते आणि आमच्या घरचा बैल तिथल्याच कोंडवाड्यात होता. ‘आमच्या घरचा’ हे आबांनी, म्हणजे वडिलांनी, ऐकलं असतं तर त्यांनी मला तिथंच थांबवलं असतं. तो बैल आमचा नव्हता, आणि जे काही घडलं ते त्याच्या ‘आमचा नसण्या’वरूनच घडलं. पुढं मी पुण्याला जाऊन बी. ए. झालो, आमच्या वस्तीतला पहिलाच. मग जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. पोरं विचारायची, ‘सर, तुम्हाला इंग्रजीची गोडी कशी लागली?’ मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो, कारण खरं उत्तर एका तासात मावणारं नव्हतं. ते आता इथं लिहितो.

आमची वस्ती गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या सोंडेखाली. कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली थोडीशी घरं, आणि घरांपेक्षा मोठे गोठे. माणसांनी आखडून बसायचं आणि गुरांनी ऐसपैस, अशी आमच्याकडची रीत. पहाट व्हायची ती घुसळणीच्या आवाजानं. आय घुसळखांबाला रवी लावून बसली की दोरीचा घर्र-घुम्म असा एक संथ ताल सुरू व्हायचा. आम्ही पोरं त्या तालातच अर्धवट जागी व्हायचो, आणि लोणी वर आलं की आवाज जड व्हायचा, तेव्हा उठायचो. नाचणीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, कारळ्याची चटणी आणि वाडगाभर ताक. गाय व्यायली की चीक. दिवाळीला काय असतं हे आम्हाला फारसं ठाऊक नव्हतं. आमचा सण गाय व्यायल्याच्या दिवशी. रानात प्रत्येक गाईच्या गळ्यातल्या लाकडी घंटेचा आवाज वेगळा असायचा. आबा अंगणात तंबाखू मळत बसलेले असत आणि डोळे मिटून सांगत, ‘कपिली मागं ऱ्हायली. कुनीतरी जावा रं.’ आता वस्तीखालची खाचरं धरणाच्या पाण्यात गेली. मध्यंतरी नातवानं मला गाडीतून तिथं नेलं. पाणी सुरेख दिसतं. पण मी कान देऊन उभा राहिलो तेव्हा नातू म्हणाला, ‘आजोबा, काय ऐकताय?’

मी लहान असताना एका वर्षी बुळकांडीची साथ आली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना ती सांगणं अवघड आहे. गुरांच्या तोंडाला फेस यायचा, पोट सुटायचं, आणि सकाळी उभं असलेलं जनावर संध्याकाळी आडवं. खालच्या वाड्यांमधले गोठेच्या गोठे ओस पडले. आबांनी तोरण्याकडं तोंड करून मेंगाईला नवस बोलला, की गोठ्यातलं जे वाचेल त्यातला सगळ्यात देखणा गोऱ्हा तुझ्या नावानं सोडीन. आमची कपिली वाचली, तिच्या पोटचा गोऱ्हाही वाचला. त्याला मी हातानं पाला भरवून वाढवला होता. हरण्या म्हणायचो त्याला. तो भरात आला तेव्हा देवीच्या गुरवाला बोलावलं, त्याच्या मांडीवर त्रिशुळाचा डाग दिला, शिंगांना हळद-कुंकू लावलं आणि आबांनी विळ्यानं त्याचं दावं कापलं. कापताना ते म्हणाले, ‘आजपासनं तुजा मालक कुनी न्हाई. तू कुटं बी जा, कुनाचं बी खा. आमी तुला नावानं हाक मारनार न्हाई.’

अशा सोडलेल्या बैलाला आपल्याकडं पोळ म्हणतात. त्याला कुणी जुंपत नाही, बांधत नाही, हाकत नाही. त्या दिवसापासून घरात हरण्या हे नाव बंद झालं. तो अधूनमधून दारात येऊन उभा राहायचा, तेव्हा आय त्याच्याकडं न बघता भाकरीचा तुकडा उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि गोठ्यातल्या भिंतीशी बोलल्यासारखं म्हणायची, ‘लई वाळलाय कुनीतरी.’ वेल्ह्याकडच्या गावांत सगळे त्याला ओळखत. त्यानं आपल्या रानात तोंड घातलं तर लोक ते बरकतीचं मानत.

मला शाळेत घातलं ते रहिमानचाचांनी. चाचा भोरचे, भांड्यांना कल्हई करायचे. पाठीवर भाता घेऊन आमच्यासारख्या डोंगरातल्या वस्त्यांवर फिरायचे. मी त्यांच्या भात्याशी बसून तव्यावर कोळशानं अक्षरं काढत होतो, ते पाहून ते आबांना म्हणाले, ‘याला आमच्या घरी धाडा. शाळा समोरच आहे.’ आबांनी विचारलं, ‘शाळंत गुरं ऱ्हात्यात का?’ चाचा म्हणाले, ‘राहतात की, दोन पायांची.’ तेवढ्यावर माझं शिक्षण ठरलं. भोरला चाचांच्या ओसरीवर मी इंग्रजी सातवीच्या उंबरठ्यापर्यंत राहिलो. भाकरीचं पीठ आमच्या घरचं, कालवण चाचीच्या हातचं. वस्तीतल्या काहींनी नाकं मुरडली, तेव्हा आयनं त्यांना एवढंच विचारलं, ‘तुमच्या भांड्यांना कल्हई कोन करतं?’

तर त्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, शाळा सुटून मी ओसरीवर येतो तो आय बसलेली. ती भोरला याआधी कधी आली नव्हती. पायांवर धूळ, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं, आणि चाची तिला पाणी देत होती.

‘म्हाद्या,’ ती म्हणाली, ‘तुज्या बाला धरलंय.’

‘कुणी?’

‘खालशातल्या पोलिसानं. पोळ तिकडं गेला व्हता हद्दीपल्याड. कुना गेनूतात्याच्या ज्वारीत मुक्कामच ठोकला त्यानं. तात्यानं न्हेऊन कोंडवाड्यात घातला. ह्यांस्नी कळलं, ह्ये गेलं, आन कोंडवाड्याची आगळ काढली.’

‘मग आबा पळाले नाहीत?’

‘पळत्यात व्हय! आगळ काढली, आन सोता जाऊन पाटलाला सांगितलं, म्या दार उगडलं म्हनून. मंग तितंच चावडीत तंबाखू मळत बसलं.’

चाचा भाता बाजूला ठेवून हसायला लागले. ‘असा गुन्हेगार सरकारला रोज मिळाला तर फौजदाराला घोडं ठेवायची गरज नाही.’

‘हसा तुमी, चाचा,’ आय म्हणाली. ‘पोळ बी पुन्ना धरून आत घातला त्यांनी.’

चाचांचं हसू थांबलं. ते म्हणाले, ‘वहिनी, कोंडवाड्याची काय फी असेल ती मी भरतो. बैल सुटेल, पाटील खटला मागं घेईल.’

‘पाटील बी त्येच म्हनतोय. पर ह्ये म्हनत्यात, फी मालक भरतो. म्या भरली तर म्या मालक झालो. मंग मेंगाईला काय सोडलं म्या? आन तुमी भरली तर त्यो तुमचा हुईल, चाचा. कुनी बी भरली तरी कुनाचा तरी हुईल.’

आणि कुणीच भरली नाही तर पुढच्या बाजाराला त्याचा लिलाव होणार होता. कोणीतरी त्याच्या नाकात वेसण घालून घाण्याला जुंपणार. नवसाच्या जनावराच्या गळ्यात पुन्हा दावं पडलं तर काय होतं, हे आमच्यात कुणी मोठ्यानं बोलत नसे. पण आयच्या डोळ्यांत मला ते साथीचं वर्ष दिसत होतं. त्या भागातल्या प्रत्येक गोठ्यावर ते वर्ष परत येईल, आणि ते आपल्या घरामुळं आलं असं लोक म्हणतील, ही तिची भीती होती. आज मी तसं मानत नाही. पण त्या दिवशी मानत होतो, आणि ज्याला मी पाला भरवला त्याच्या नाकात वेसण, हा विचार तर मला आजही सहन होत नाही.

खटला प्रांतसाहेबापुढं चालायचा होता. साहेब दौऱ्यावर होता आणि त्याच गावच्या आमराईत त्याचे तंबू पडले होते. साहेब इंग्रज, नवा, मराठीची परीक्षा पास झालेला पण मराठी न कळणारा. मी आयला घेऊन सबनीस मास्तरांकडं गेलो. ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. बारीक अंगाचे, सर्दीनं कायम हैराण, मफलर गुंडाळलेले. त्यांनी सगळं ऐकलं, नाक पुसलं आणि म्हणाले, ‘कोर्टात शब्दाला किंमत असते. कुठला शब्द हवाय ते आधी ठरवू.’ आय उंबऱ्याशी बसली, मास्तर एकेक शब्द म्हणत गेले, मी तिला मराठीत सांगत गेलो, आणि ती भाजीवालीसारखी प्रत्येक शब्द उलटापालटा करून परत टाकत गेली.

‘बेल,’ मास्तर म्हणाले. म्हणजे कुणीतरी जामीन राहायचं, माणूस घरी जातो, पण बोलावलं की हजर व्हायचं.

‘म्हंजी दावं लांब केलं,’ आय म्हणाली. ‘सोडलं न्हाई.’

‘पार्डन. चूक झाली, माफ करा म्हणायचं. साहेब माफ करील.’

‘ह्ये म्हननार न्हाईत. चूक झाली असती तर आपन होऊन सांगितलं असतं. सांगितलं त्ये दार उगडल्याचं, चुकल्याचं न्हाई.’

‘अक्विट. चौकशी सगळी झाली आणि कोर्टानं ठरवलं की हा निर्दोष.’

‘ह्यो बरा हाय,’ आय म्हणाली. ‘पर दार तर उगडलं ना त्यांनी.’

मास्तर हसले. ‘तेच तर. मग डिस्चार्ज. खटला पुढं चालवण्यासारखं काही नाही, जा. हा तुझ्या वडिलांना चालेल, महादेव. हा लक्षात ठेव.’ मग ते बैलाच्या गोष्टीकडं वळले. ‘बैलासाठी रिलीज. कोंडवाड्यातून जनावर मालकाच्या हवाली करणं.’

‘मालक न्हाई त्याला,’ आय म्हणाली.

‘लिबरेट, हा गुलामांसाठी, देशांसाठी. बैलाला फार मोठा होईल.’ मास्तर थांबले. आयनं पदर डोक्यावर ओढला आणि त्यांना सरळच विचारलं, ‘मास्तर, ज्याला आदीच सोडलाय, त्याला पुन्ना सोडायचं, ह्याला सायबाच्या भाषेत काय म्हनत्यात?’

मास्तरांनी मफलर सैल केला. मग त्यांनी हात जोडल्यासारखे केले. ‘बाई, याला त्यांच्याकडं शब्द नाही. शब्द नसेल तिथं सगळी हकीकत सांगावी लागते. ती याला सांगू दे. मी बोललो तर वकिली होईल. हा बोलला तर ते मुलाचं बोलणं होईल.’ निघताना त्यांनी मला स्वतःचा धुतलेला कोट दिला आणि एकच सूचना केली. घाईत बोलायचं नाही. साहेब वाट बघतो, बघू द्यावी.

दुसऱ्या दिवशी चाचा, आय आणि मी कापूरहोळपर्यंत चालत आणि पुढं एका गुळाच्या गाडीतून गेलो. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण तिथली माणसं आता आमच्या सोयऱ्यात आहेत. आमराईत पांढरे तंबू, लाल पट्ट्यांचे शिपाई, आणि तंबूच्या दाराशी साहेबाचा कुत्रा एका आंब्याखाली पसरलेला. कोंडवाडा तिथून दिसत होता. दगडी गडग्याच्या आत पोळ उभा होता आणि आम्ही आलो तसे त्यानं कान टवकारले. आयनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

आबांना शिपायानं आणलं. घोंगडी खांद्यावर, मुंडासं नीट बांधलेलं. मला बघून ते म्हणाले, ‘कोट कुनाचा?’

‘मास्तरांचा.’

‘मळवू नगंस.’

शिरस्तेदार म्हणून एक वयस्क गृहस्थ साहेबाच्या बाजूला बसले होते, पगडी, नाकावर चष्मा. त्यांनी आरोप इंग्रजीत वाचला. त्यात ‘रेस्क्यू’ हा शब्द आला आणि मी चमकलो. आमच्या वाचनमालेत बुडणाऱ्या मुलाला वाचवणाऱ्या नावाड्यानं केलं ते रेस्क्यू, त्याचं चित्रही होतं. इथं कोंडलेलं जनावर बाहेर काढणं या गुन्ह्याला सरकार तेच म्हणत होतं. मला का कुणास ठाऊक, त्यानं धीर आला.

साहेबानं पुस्तकी मराठीत स्वतःच विचारलं, ‘तुम्ही हा बैल चोरला आहे काय?’

‘न्हाई सायेब,’ आबा म्हणाले. ‘चोराया त्यो कुनाचा तरी असाया लागतो.’

जमलेले लोक हसले. साहेबही थोडा हसला आणि मग इंग्रजीवर गेला. शिरस्तेदारांनी विचारलं, ‘बैल कुणाचा?’

‘मेंगाईचा.’

ते साहेबाला सांगितल्यावर साहेबानं विचारलं, ही बाई कुठं राहते? आबा म्हणाले, ‘तोरन्यावर.’ साहेबानं शिपायाला हुकूम दिला की तिला बोलावून आणा, फी तिच्याकडून घेऊ. शिरस्तेदार खोकले आणि वाकून त्याच्या कानाशी काही बोलले. साहेबाचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, ठीक, देवस्थानचा बैल असेल तर देवस्थान फी भरील.

‘न्हाई,’ आबा म्हणाले. ‘देवळाचा असता तर देवळात बांदला असता.’

साहेबानं लेखणी खाली ठेवली. प्रत्येक जनावर कुणाचं तरी असतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. हे कुणाचंच नव्हतं आणि तरी त्याच्यासाठी एक माणूस कोठडीत बसायला तयार होता. शिरस्तेदारांनी चष्मा काढून पुसला आणि आबांना म्हणाले, ‘हे बघा, तुमचं म्हणणं मला पटतंय, पण साहेबाच्या कानावर ते कसं घालावं हे मला जुळत नाही. हा पोरगा तुमचा ना? इंग्रजी शिकतो?’

आबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं आजवर कुणी इतक्या विश्वासानं बघितलेलं नाही. ‘शिकतोय,’ ते म्हणाले. ‘बोल रं.’

मी घाई केली नाही. साहेबाला वाट बघू दिली. मग सांगितलं, की साहेब, एका वर्षी आमच्याकडची पुष्कळ गुरं मेली. हा वाचला. माझ्या वडिलांनी देवीला शब्द दिला होता म्हणून त्यांनी याचं दावं कापलं. तोपर्यंत ते याचे मालक होते, आणि मालक म्हणून त्यांनी केलेलं ते शेवटचं काम. आता त्यांनी फी भरली तर ते काम खोटं होतं. दुसऱ्यानं भरली तर बैल दुसऱ्याचा होतो. आपण त्याला रिलीज करा असं आम्ही मागत नाही, कारण तो रिलीज झालेलाच आहे. फक्त दार उघडा, आणि त्याला घेऊन जा असं कुणाला म्हणू नका.

माझ्या त्या इंग्रजीत चुका पुष्कळ होत्या. पुढं मी शिक्षक झाल्यावर त्या आठवून लाल शाईनं दुरुस्तही केल्या आहेत. पण साहेब पुढं वाकून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं एक प्रश्न विचारला. बैल स्वतंत्र आहे, मान्य, तो म्हणाला. मग या शेतकऱ्याची ज्वारी कुणी खाल्ली? त्याचं नुकसान कुणी भरायचं?

गेनूतात्या समोरच उकिडवे बसले होते. अंगानं काटकुळे, रागापेक्षा दमलेलेच जास्त. ‘सायेब, म्या बी देव मानतो,’ ते म्हणाले. ‘एक दिस पोळ आला, पाया पडलो. दुसऱ्या दिशी बी आला, बरं म्हनलं. पर ह्यो जाईनाच की! म्या पोरांस्नी काय, पुन्य खाऊ घालू?’

मी आबांना साहेबाचा प्रश्न सांगितला. मला वाटलं, आता सगळं फिसकटलं. भरपाई दिली की मालकी आली. पण आबांनी क्षणभरही विचार केला नाही. ते साहेबाकडं पाठ करून गेनूतात्यांकडं वळले.

‘तात्या, तुमची ज्वारी गेली ह्ये खरं हाय. सारा उनाळा माजी गुरं, शेरडं तुमच्या रानात बसवतो. लेंडीखत पडंल. पुढल्या साली बगा ज्वारी.’

‘सारा उनाळा?’ गेनूतात्या सरळ बसले. ‘आन पानी?’

‘पानी तुमचं.’

‘हिरीचं पानी तळाला जातं चैतात.’

‘मंग वडा हाय की खाली.’

‘आन राखनीला कोन?’

‘म्या सोता.’

शिरस्तेदार हे भराभर साहेबाला सांगत होते, आणि साहेबानं हात वर करून मध्येच थांबवलं. मालक नाही म्हणतोस, मग नुकसान का भरतोस? हा प्रश्न त्यानं मला विचारला, मी आबांना.

‘त्याला सांग,’ आबा म्हणाले, ‘मालकी सोडली म्या. लाज न्हाई सोडली.’

ही ‘लाज’ इंग्रजीत कशी न्यायची हे मला आजही नीट ठाऊक नाही. मी म्हणालो, माझ्या वडिलांनी बैल दिला, पण त्यानं केलेल्या नुकसानीला तोंड द्यायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. शिरस्तेदारांनी मान हलवली. साहेबानं लेखणी उचलली, लिहिलं, आणि वाचून दाखवताना तो शब्द आला: डिस्चार्ज्ड. मी आयकडं बघून मान हलवली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मास्तरांच्या उंबऱ्याशी तिनं ज्या शब्दांना हात लावला होता त्यातला तो एक होता, आणि तिनं तो ओळखला. लिलाव रद्द झाला. कोंडवाडा उघडायचा हुकूम झाला, आणि त्याखाली साहेबानं मुद्दाम लिहवून घेतलं, की जनावर कुणाच्याही हवाली करू नये.

आमच्याबरोबर अर्धं गाव कोंडवाड्याशी आलं. साहेब कुत्र्याला घेऊन आला. पाटलानं आगळ काढली, दार लोटलं, आणि सगळे बाजूला झाले. पोळ जागचा हलला नाही. आत कुणीतरी कडबा टाकला होता, तो चघळत उभा राहिला. पाटील म्हणाला, ‘अरं, हाकला की त्याला.’ आबा म्हणाले, ‘म्या न्हाई.’ आय म्हणाली, ‘आमी न्हाई.’ गेनूतात्या दोन्ही हात मागं घेऊन म्हणाले, ‘म्या तर बिलकुल न्हाई.’ मग सगळे वाट बघत उभे राहिले, इंग्रज सरकारचा अधिकारीसुद्धा. चाचांनी तंबाखूची डबी काढून साहेबाच्या शिपायापुढं धरली. गेनूतात्या पुटपुटले, ‘निगाला की माज्याच रानात जातोय बगा.’ कडबा संपला तेव्हा तो बाहेर आला. आबांच्या जवळून जाताना थांबला आणि त्यांच्या घोंगडीला नाक लावून हुंगलं. आबा खांबासारखे उभे राहिले. त्यांनी हात वर केला नाही, त्याच्याकडं पाहिलंही नाही. मग तो मावळतीच्या डोंगराकडं तोंड करून रमतगमत निघाला. तो वाटेच्या वळणाआड गेल्यावर आयनं डोळे पुसले आणि भाकरीचं गाठोडं सोडलं. आम्ही सगळ्यांनी, गेनूतात्यांसकट, तिथंच आंब्याखाली बसून खाल्लं.

त्या उन्हाळ्यात आबांनी गेनूतात्यांच्या रानात बोलल्याप्रमाणं गुरं बसवली. पुढच्या वर्षी गेनूतात्यांनी ज्वारीचं एक पोतं आमच्या वस्तीवर स्वतः आणून टाकलं आणि ‘आता पुन्ना कवा बसवताय?’ असं विचारलं. त्यातूनच पुढं माझ्या पुतण्याला त्यांची नात आली. पोळ नंतर बरीच वर्षं वेल्ह्याच्या बाजूला दिसत होता. मला भोरहून पुण्याला शिकायला धाडताना वस्तीतल्या कुणी ‘काय करायचंय एवढं शिकून’ असं म्हटलं नाही. माझ्या पाठोपाठ वस्तीतली आणखी पोरं शाळेत गेली आणि त्यातली काही माझ्यापेक्षा पुढं गेली, हे लिहिताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. सबनीस मास्तर, रहिमानचाचा आणि चाची यांचं ऋण तर फिटण्यातलं नाही.

पण त्यातलं जे मला सगळ्यात जपून ठेवावंसं वाटतं ते दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचं. आम्ही डोंगर चढून वस्तीवर पोचलो तेव्हा सगळी माणसं आमच्या अंगणात जमली होती. आबांची धाकटी बहीण, आमची आत्या, सगळ्यांत पुढं होती. तिनं माझ्या अंगावरचा कोट चाचपून बघितला आणि आबांना विचारलं, ‘दादा, म्हाद्या इंग्रजीत बोलला म्हनं सायबाशी? काय बोलला रं?’

सगळे पुढं सरकले. मीही सरकलो, कारण मलाही ते ऐकायचं होतं. आबा ओट्यावर बसले. त्यांनी चंची सोडली, तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, सावकाश मळली.

‘म्या म्हनलो त्येच बोलला,’ ते म्हणाले. ‘फकस्त सायबाला कळंल आसं.’